लकवा झालेल्या आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय, तिथली देखभाल कशी पारखायची?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ७६, उजव्या अंगावरून वारं गेलंय, शुगरची सुई चालू आहे, घर दारव्ह्याकडच्या खेड्यात, तुम्ही पुण्यात, आणि वहिनी एकट्या करून करून थकल्या. आता दोन जागा पाहून ठेवल्यात, एक यवतमाळजवळची साधी आणि एक नागपूर रोडवरची, फोटोत एकदम चकाचक, तर कुठली चांगली हे कसं ओळखायचं. मी सरकारी नोकरीत सिस्टर होते, बहुतेक सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयात गेली, रिटायर झाल्यापासून या भागातल्या वृद्धाश्रमांत ड्रेसिंग करणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, नवीन मावश्यांना शिकवणं असं चालू असतं. म्हणून जे रोज पाहते त्यातलंच सांगते.

वृद्धाश्रम कसा तपासायचा याची तुम्ही नेटवरून काढलेली ती लंबीचौडी यादी आधी बाजूला ठेवा. ती अमेरिकेतली आहे. तिकडे १९८७ चा कायदा आहे, सरकारी माणसं येऊन तपासणी करतात, २००८ पासून तर प्रत्येक जागेला स्टार देतात. आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० जणांची सोय असलेला, असं लिहिलंय, पण ते निराधार लोकांसाठी. खाजगी वृद्धाश्रमांना किमान दर्जा लावायचं दुरुस्ती विधेयक २०१९ ला लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे स्टार वगैरे विसरा, तपासणी तुम्हालाच करायची आहे. आणि ऑफिसात भिंतीवर फ्रेम करून लावलेली सर्टिफिकेटं असतात ना, त्यातलं ८०जी वालं दान देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते त्याचं असतं, आईची कूस रात्री कोण बदलतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

फोनवरच एक गोष्ट विचारून घ्या, म्हणजे चक्कर वाचेल. "पूर्ण बिछान्यावर पडलेला पेशंट ठेवता का, आणि आज चालणारा माणूस उद्या बिछान्याला लागला तर ठेवता की घरी न्यायला सांगता?" आपल्याकडचे कितीतरी वृद्धाश्रम फक्त स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात, त्यात वाईट काही नाही, पण काही जागा ॲडमिशन घेताना हो हो म्हणतात आणि सहा महिन्यांनी फोन येतो की घेऊन जा. आईला लकवा आहे, त्यांच्यासाठी हाच प्रश्न पहिला.

आता प्रत्यक्ष गेल्यावर. ऑफिस, बगिचा, मंदिर, सगळं दाखवतील, पाहून घ्या, चहा प्या. मग म्हणा, मला सगळ्यात जास्त आजारी माणसं असलेली खोली पाहायची आहे. प्रत्येक जागी अशी एक खोली असतेच, बहुतेक मागच्या बाजूला, संडासाजवळ. चालती बोलती माणसं आपलं पाणी मागून घेतात, ओरडतात, भांडतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. ज्याला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, त्याच्या अंगावर त्या जागेचा खरा हिशोब लिहिलेला असतो. ती खोली दाखवायला आढेवेढे घेतले तर तुमची अर्धी तपासणी तिथंच झाली समजा. इन्फेक्शनचं कारण सांगतील, तर म्हणा मास्क लावतो, हात धुतो, दारातून पाहतो.

त्या खोलीत वास घ्या. आत्ताच कुणाला संडास झाली असेल तर वास येणारच, तो पाच दहा मिनिटांत जायला हवा. गादीत मुरलेल्या जुन्या लघवीचा वास वेगळा, तो नाकात बसतो. आणि फिनेलचा इतका भपकारा की डोळे चुरचुरतात, तोही मला आवडत नाही, तुम्ही येणार म्हणून ओतलेलं असते ते. मग ओठ पाहा, कोरडे फुटलेले आहेत का. नखं पाहा. पुरुषांची दाढी किती दिवसांची आहे पाहा. अंगावरचे कपडे त्यांचेच आहेत की लॉटमधले कुणाचेही, हेही पाहा.

बेडसोअर, आपल्याकडे पाठ लागली म्हणतात ते, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझं अर्धं काम तेच आहे. पडलेल्या माणसाचं वजन एकाच जागी दबून राहिलं की तिथलं रक्त थांबते आणि काही तासांतच चामडी मरायला लागते. माकडहाड, कुल्ल्याची हाडं, टाचा, घोटे, या जागा. सुरुवातीला नुसता लालसर डाग असतो, बोटानं दाबून सोडला की पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे, दाबूनही तसाच लाल राहिला तर जखम सुरू झाली. आपल्या लोकांच्या सावळ्या रंगात लाली दिसतच नाही, म्हणून हात लावून पाहावं लागते, आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक लागते का, किंवा उलट लिबलिबीत लागते का. मावशीला सहज विचारा, "मावशी, यांची कूस किती वेळानं बदलता?" पाठ केलेलं उत्तर "दर दोन तासांनी" येईल, सगळे हेच सांगतात. मग पुढचं विचारा, "आता बारा वाजता कोणत्या कुशीवर होते?" तिथं खरं काम करणारी बाई पटकन सांगते, डाव्या कुशीवर होते, जेवायला बसवलं, आता उजवीकडे करीन. न करणारी मॅनेजरकडे पाहते.

टाचेखाली उशी दिसली तर थांबून नीट पाहा. उशी पोटरीखाली पाहिजे, म्हणजे टाच हवेत अधांतरी राहते. टाच उशीवर टेकलेली असली तर उशी असून नसल्यासारखी. हवेची गादी दाखवतील, फार अभिमानानं दाखवतात, तर तिच्या मोटरला हात लावून पाहा, चालू आहे का, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालते का तेही विचारा. आपल्याकडे मे महिन्यात लाईट किती जाते तुम्हाला सांगायला नको. आणि चालू असली तरी हवेच्या गादीवर कूस बदलावीच लागते, गादी घेतली म्हणून बदलणं बंद केलं अशा जागी मी मोठमोठ्या जखमा धुतल्या आहेत. कुल्ल्याखाली रबराची गोल रिंग ठेवलेली दिसली किंवा लाल झालेल्या जागी स्पिरिट पावडर लावून चोळतो असं कुणी सांगितलं तर समजा की तिथलं शिक्षण माझ्या तरुणपणीच्या काळात थांबलंय, आम्हालाही तेच शिकवलं होतं, आता ते करत नाहीत, चोळल्यानं आतलं मांस जास्त दुखावते आणि रिंगमुळे कडेचं रक्त अडते.

त्यांना सरळ विचारा, सध्या किती जणांना बेडसोअर आहे आणि त्यातले किती इथं आल्यावर झाले. "एकालाही नाही" हे उत्तर खरं असू शकते, पण पडलेली माणसं बरीच असली तर माझा विश्वास बसत नाही. "दोघांना आहे, एक बाई दवाखान्यातूनच घेऊन आली, एकाला इथं झाला, आता भरत आला आहे, हा पाहा फोटो तारखेसकट", हे उत्तर देणारी जागा मला आवडते.

लकव्याच्या पेशंटला कसं उचलतात ते पाहायला मिळालं तर सोडू नका. नवशिके लोक लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढतात, त्यात खांदा उतरतो आणि मग म्हातारी हात लावू देत नाही, आणि हे म्हणतात चिडचिड करते. शिकलेली मावशी कमरेला धरते, चांगल्या पायावर जोर द्यायला सांगते, आधी बोलते मग उचलते. कपडे घालताना लुळा हात आधी घालते, काढताना शेवटी काढते. एवढं एक पाहिलं तरी तिथं कुणी शिकवलेलं आहे की नाही कळून जाते, कोर्सचं नाव विचारायची गरज नाही. बाकी सिस्टर जीएनएम की एएनएम, म्हणजे नर्सिंगचा मोठा कोर्स केलेली की छोटा, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आहे का, हे जरूर विचारा, पण रोजचं सगळं मावश्याच करतात.

जेवणाचा मेनू भिंतीवर लिहिलेला असते, तो वाचू नका, जेवायच्या वेळेला जाऊन बसा. आईला गिळताना ठसका लागतो का तुम्ही लिहिलं नाही, लकव्यात बऱ्याच जणांना लागतो, पातळ पाण्यालाच जास्त लागतो. अशा माणसाला आडवं ठेवून भरवणं म्हणजे अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया. सरळ बसवून, छोटा घास, चांगल्या बाजूनं, गिळला की मगच दुसरा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. एक बाई चार जणींना एकाच वाटीतून वरणभात भराभर भरवून राहिली असेल तर ते तुम्हाला लगेच दिसेल. भाकर वरणात चुरून देतात का, मऊ खिचडी वेगळी लावतात का, की सगळ्यांना तीच पोळी देतात आणि दात नसलेली बुढी नुसती चोखत बसते. वजनाचं रजिस्टर मागा. महिन्याला वजन होते का पाहा, ज्याला उभं राहता येत नाही त्याचं कसं करतात विचारा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर तो धोक्याचा इशारा आहे, ५० किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो गेले तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे, वयामुळे होते म्हणून सोडायचं नाही.

पाणी हा आपल्या विदर्भातला सगळ्यात मोठा मुद्दा, नेटवरच्या यादीत तो कुठंच नसते. म्हाताऱ्या माणसाला तहानच कमी लागते, त्यात लकवा म्हणजे ग्लास घेता येत नाही, आणि स्पष्ट सांगते, काही ठिकाणी मुद्दाम पाणी कमी पाजतात कारण पाजलं की डायपर बदलावा लागते. मग मे महिन्यात पारा ४५ वर गेला की म्हातारी बरळायला लागते, लघवी गडद होते, आणि घरच्यांना सांगतात डोक्यावर परिणाम झाला. म्हणून दुपारी दोन तीनच्या सुमारास जा, उन्हाळ्यातच जा जमलं तर. कुलर ऑफिसात आहे की त्या मागच्या खोलीत आहे? टिनाचं छत आहे का? पाण्याचा ग्लास हाताला येईल असा चांगल्या हाताच्या बाजूला आहे का? लघवीची पिशवी लावलेली असेल तर तिच्यातला रंग पाहा, आणि पिशवी जमिनीवर लोळून राहिली की पलंगाला अडकवलेली आहे तेही पाहा. आणि बऱ्याच जणांना कॅथेटर दिसला तर विचारा काऊन लावला, कारण डायपरचा त्रास नको म्हणून लावलेला कॅथेटर म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनला आमंत्रण.

इन्सुलिन कुठं ठेवता, दाखवा म्हणा. फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली पाहिजे, साधारण चार आठवडे चालते ती. सुई टोचली आणि जेवण तासभर उशिरा आलं असं होते का ते तिथल्या शुगरवाल्या पेशंटला विचारा. शुगर ७० च्या खाली गेली तर काय करता, हे रात्रीच्या माणसाला विचारा, दिवसाच्या सिस्टरला नाही. आणि एक गंमत सांगते, गंमत कसली, त्रासच आहे. आपल्याकडे लोक वाढदिवस, तेरवी, पुण्यतिथी असलं की वृद्धाश्रमात जेवण द्यायला येतात, बुंदी जिलेबी पोतंभर, फोटो काढून जातात. देणाऱ्याचा भाव चांगलाच असते पण दुसऱ्या दिवशी शुगर ३०० आणि चौघांना हगवण. चांगल्या जागेत आधी सांगून ठेवतात की गोड नको, फळं आणा, डायपर आणा. हे विचारून पाहा, व्यवस्थापन दात्यासमोर बोलू शकते की नाही तेही कळेल.

रात्रीचं विचारल्याशिवाय काही ठरवू नका. दिवसा सहा माणसं दिसतात, रात्री एक मावशी आणि एक वॉचमन, तोही गेटवर झोपलेला. किती पलंगांमागे किती माणसं रात्री जागी असतात, झोपलेली नाही, जागी. रात्री साडेदहाला फोन लावून पाहा कोण उचलते. सकाळी सहाला पोहोचता आलं तर जा, गाडीवरून थेट आलो म्हणा, रात्रीचे डायपर तेव्हा बदलायचे असतात, सगळं कळते. आणि सीझन. हे फक्त आपल्या भागातलं माणूसच सांगेल, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की गावातल्या बाया वेचणीला जातात, किलोवर मजुरी मिळते, वृद्धाश्रमाच्या पगारापेक्षा हातात जास्त पडते. मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मावश्या निम्म्या. पोळ्याला, दिवाळीला, लगीनसराईत तेच. मॅनेजरला विचारा, वेचणीच्या दिवसात कसं भागवता? ज्यानं विचार केला आहे तो सांगेल, पगार वाढवून देतो, किंवा बाहेरगावच्या दोन मुली राहायला ठेवतो. ज्यानं केला नाही तो हसेल.

दुपारी चार वाजता सगळीच्या सगळी खोली गाढ झोपलेली दिसली तर मला भीती वाटते. झोपेच्या गोळ्या, डोकं शांत करायच्या गोळ्या देऊन माणसं गप्प ठेवणं फार सोपं आहे, त्यात पडणं, ठसका, न्यूमोनिया सगळं वाढते, आणि विसरभोळेपणाच्या आजाराच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या पेशंटला त्यातल्या काही गोळ्यांनी जीवाचा धोका वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. अशी गोळी कुणी लिहून दिली, कधी लिहिली, घरच्यांना विचारलं का, फाईलमध्ये दिसलं पाहिजे. ओढणीनं पलंगाला हात बांधलेले दिसले तर पुढचं काही पाहू नका, निघून या. दंडावर बोटांचे निळे वळ, मावशी आत आली की बोलणारा माणूस एकदम गप्प होतो, ह्या गोष्टी ध्यानात ठेवा.

मोबाईलवर कॅमेऱ्यात आई दिसेल असं सांगून जास्त पैसे घेणारे निघालेत आता. माझं मत विचाराल तर नको. कॅमेऱ्यात चादर दिसते, चादरीखालची टाच नाही, आणि आईचे कपडे बदलतानाचं चित्र कुणाकुणाच्या फोनवर जाईल काय सांगावं.

बाहेर पडल्यावर जवळच्या मेडिकलवाल्याकडे जा, काहीतरी घ्या आणि गप्पा मारा. आश्रमात डायपर महिन्याला किती जातात, औषधं तिथूनच नेतात का, उधारी किती थकली. पंचवीस पडलेली माणसं आणि डायपर जेमतेम जात असतील तर हिशोब तुम्हीच करा, माणशी दिवसाला निदान तीन चार तर लागतातच. डॉक्टर कोण येतात, एमबीबीएस की आणखी कोणी, दर किती दिवसांनी, आणि १०८ ची गाडी तिथं पोहोचायला किती वेळ लागते, शेवटची कधी बोलावली होती. पावती, डिपॉझिट, महिन्याच्या बिलावर वरून काय काय लागते, ते कागदावर घ्या, यात वेगळं सांगण्यासारखं नाही.

तुमच्या दोन जागांबद्दल. नावं तुम्ही सांगितली नाहीत ते बरं केलं, मी सांगणारही नव्हते. पण नागपूर रोडवरची जागा वहिनी आणि भावाला जाऊन यायला पूर्ण दिवस, यवतमाळची अर्धा दिवस. देखभाल इतर गोष्टींत उन्नीस बीस असेल तर मी जवळची घेईन, कारण ज्या म्हातारीकडे आठवड्याला कुणीतरी वेळ न सांगता येते तिचा डायपर वेळेवर बदलला जातो, हे मी कितीही वाईट वाटलं तरी सांगणारच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, भजन होते, तिथं पडलेल्या माणसांना खुर्चीत बसवून आणतात का हेही पाहून या, आईंना आवडत असेल तर. आणि वहिनींना सोबत न्या, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त दिसेल, दीड वर्ष त्यांनी हातानं केलंय.

ठेवायचं ठरलं तर आधी पंधरा दिवस महिनाभराच्या बोलीवर ठेवा. पहिल्या दिवशी आईच्या टाचा, पाठ, कुल्ले यांचे फोटो त्यांच्या सिस्टरसमोर काढा आणि वजन लिहून घ्या, म्हणजे पुढे वाद नको. शुगरचं मशीन तुमचंच द्या, त्यात जुने आकडे राहतात, भावानं गेल्यावर पाहायचे. व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवतात तेव्हा वेणी घातलेली असते, पावडर लावलेली असते, तुम्ही म्हणा पाय दाखवा. काही बिनसलं तर आधी लेखी सांगा, ऐकलं नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयातही अर्ज देता येतो. जाताना दवाखान्याची सगळी फाईल, चालू गोळ्यांची चिठ्ठी, चष्मा, कवळी असेल तर नाव टाकलेल्या डबीत, आणि आईंची रोजची दोन लुगडी सोबत द्या, गाऊनची सवय नसेल त्यांना.